मॅक्रेडी : आपल्या धंद्याची लाज बाळगणारा नट

‘किंग लिअर’ हे नाटक वर्गात शिकविण्याची पाळी माझ्यावर अनेक वेळा आली. वादळाच्या प्रवेशापाशी आलो म्हणजे मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट हमखास सांगतो, आणि ती त्यांना खरी वाटत नाही. वेडाच्या उंबरठ्यावर उभा असलेला राजा आणि त्याच्या मागोमाग थंडीने कुडकुडत, टोचून बोलत जाणारा त्याचा विदूषक, ही जोडी आज आपणांस अभेद्य वाटते. परंतु खुद्द शेक्सपीअरच्या देशात, त्याच्याच भाषेत, हा विदूषक तब्बल १५७ वर्षे रंगभूमीवर कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. १६८१ साली नाहम टेट नामक कवीने हे नाटक ‘सुधारून’ घेतले. त्याने विदूषकास अजिबात रजा दिली, कॉर्डीलिया आणि एडगर यांचे प्रेमप्रकरण रचले, आणि अखेरीस लिअरला राज्य परत देऊन त्या दोघांचे लग्न लावून टाकले. पुढे दीड शतक इंग्रज प्रेक्षक हेच लिअर समजून पाहत राहिले. डॉ. जॉन्सनसारख्या कठोर परीक्षकानेही कॉर्डीलियाच्या मृत्यूपेक्षा हा गोड शेवट पत्करला. आपल्या संस्कृत नाटकांत शोकान्त नाही म्हणून ज्या इंग्रज टीकाकारांनी आपणांस नाके मुरडली, त्यांना या टेटसाहेबांची आठवण कोणी करून दिली होती की नाही, कोण जाणे.

विदूषकाला परत आणले २५ जानेवारी १८३८ रोजी, लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात. आणणाऱ्याचे नाव विल्यम चार्ल्स मॅक्रेडी. त्या वेळी तो त्या नाट्यगृहाचा चालक होता आणि लिअरचे कामही तोच करीत होता. इंग्रजी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे गॅरिक, कीन आणि आयर्विंग यांच्यावर पाने खर्ची घालतात व मॅक्रेडीला दोन नटसम्राटांमधला एक दुवा म्हणून आटोपते घेतात. हा त्याच्यावर अन्याय आहे असे मला वाटते. परंतु त्याच्याविषयी माझे जे कुतूहल आहे ते या अन्यायामुळे नव्हे. ज्या माणसाने शेक्सपीअर शेक्सपीअरच्या शब्दांत परत रंगभूमीवर उभा केला, नटाच्या पेशाला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या माणसाला जन्मभर आपण नट आहोत याची लाज वाटत होती, हे ते कुतूहल.

या लाजेचे मूळ त्याच्या बालपणात आहे. मॅक्रेडीचा जन्म ३ मार्च १७९३ रोजी लंडनमध्ये झाला. बाप मूळचा आयर्लंडचा, स्वतः नट आणि गावोगावची नाट्यगृहे चालविणारा. आई एका शस्त्रवैद्याची कन्या. बापाची इच्छा अशी की, आपण नाटकात आयुष्य घालविले ते घालविले, मुलाने मात्र सभ्य गृहस्थ व्हावे. म्हणून त्याने मुलाला रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत घातले. तेथे विल्यमने ग्रीक आणि लॅटिनमध्ये चांगली प्रगती केली, आणि पुढे ऑक्सफर्डला जावयाचे, मग बॅरिस्टर व्हावयाचे, असा बेत मनाशी ठरवून ठेवला. तो सोळा वर्षांचा होतो न होतो तोच बापाचा धंदा बुडाला, आणि १८०९ साली कर्जापायी बापाला तुरुंगात जावे लागले. मंडळीचे बिऱ्हाड उघड्यावर पडले. तेव्हा शाळेची पुस्तके बाजूला ठेवून या मुलाने बापाची नाटक मंडळी हाती घेतली. नटांचे पगार, गाड्याघोड्यांची व्यवस्था, सावकारांची समजूत, सगळे त्याच्या गळ्यात आले. ७ जून १८१० रोजी बर्मिंगहॅम येथे तो रोमिओचे काम करीत प्रथम लोकांपुढे उभा राहिला. वय सतरा. ज्या वर्गमित्रांबरोबर तो होरेस वाचीत असे, ते कायदेपंडित आणि धर्मोपदेशक होण्याच्या वाटेला लागले, आणि हा तोंडाला रंग फासून पायदिव्यांपुढे. ही सल त्याच्या अंतःकरणातून अखेरपर्यंत गेली नाही.

ती सल आपणांस समजावयास कठीण पडू नये. आपल्याकडेही ‘नाटक्या’ हा शब्द फार दिवस शिवीसारखाच वापरला जात होता. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट पाहून ज्या गृहस्थांचे डोळे पाणावत, तेच गृहस्थ आपला मुलगा नाटकात जातो म्हणाला तर त्याला घराबाहेर काढावयास तयार होत. नटावर टाळ्यांचा पाऊस पाडावयाचा, पण त्याला पंक्तीला बसवावयाचे नाही, हा समाजाचा दुटप्पीपणा लंडनमध्ये आणि पुण्यात सारखाच होता. फरक एवढाच की, मॅक्रेडीने समाजाचा हा निवाडा खरा मानला. तो स्वतःच स्वतःला पंक्तीला घेईना.

नट म्हणून निसर्गाने त्याला सढळ हाताने काही दिले नव्हते. चेहरा ओबडधोबड, टीकाकार त्यावर निर्दयपणे लिहीत. जे होते ते अभ्यासाने मिळविलेले. न्यूकॅसल येथे १८१२ साली त्याला सुप्रसिद्ध श्रीमती सिडन्स यांच्याबरोबर काम करण्याची संधी मिळाली. त्या थोर नटीने या पोराला दोन उपदेश केले : अभ्यास करीत राहा, आणि तीस वर्षांचा होईपर्यंत लग्न करू नकोस. दोन्ही त्याने पाळले. लग्न केले ते १८२४ साली, एकतिसाव्या वर्षी. वधू कॅथरिन अ‍ॅटकिन्स हिची पहिली भेट मोठी मौजेची आहे. १८१५ साली ग्लासगो येथे एका लहान नटीला नक्कल नीट पाठ नव्हती म्हणून त्याने रागे भरले होते. ती पोर म्हणजेच ही कॅथरिन. ती पुढे आपली अर्धांगी होईल याची त्या वेळी त्या तापट तरुणास कल्पना कोठून असणार !

अभ्यास म्हणजे काय, हे त्याच्या आठवणींवरून दिसते. बोलताना हातवारे फार होतात असे ध्यानी आल्यावर हा मनुष्य दोन्ही हात अंगाशी बांधून घेई आणि तशा स्थितीत क्रोधाची, शोकाची भाषणे म्हणे, म्हणजे भावना हातांतून न सांडता आवाजात आणि डोळ्यांत उतराव्यात. शायलॉकचे काम करताना मुलगी पळून गेल्यावर जो संतप्त प्रवेश आहे, त्यापूर्वी तो पडद्यामागे भिंतीला लावलेली एक शिडी दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवी, तोंडातल्या तोंडात शिव्याशाप पुटपुटे, आणि त्या संतापाच्या भरातच रंगभूमीवर प्रवेश करी. ही हकीकत जॉर्ज हेन्री ल्यूइस या साक्षेपी टीकाकाराने लिहून ठेविली आहे. एडमंड कीनला अशा शिडीची गरज नव्हती. कीनची प्रतिभा विजेसारखी. मॅक्रेडीची कुंभाराच्या भट्टीसारखी, हळूहळू तापणारी. दोघांत नट म्हणून मोठा कोण, असे कोणी विचारल्यास मी निमूटपणे कीनचे नाव सांगेन. परंतु कीन चमकला म्हणजे भोवतालचा अंधार अधिकच गडद दिसे. त्याच्या जोडीची पात्रे काय करीत आहेत याची त्याला फिकीर नसे. मॅक्रेडीला ती होती.

मॅक्रेडीच्या बोलण्याची एक लकब तर म्हणीसारखी झाली. तो वाक्याच्या मध्येच थांबे. कवितेचा ठेका मोडला तरी चालेल, पण बोलणाऱ्याच्या मनात विचार जन्माला येताना दिसला पाहिजे, हे त्यामागचे धोरण. ‘मॅक्रेडीचा विराम’ अशी त्याची थट्टा होई; पण आज पद्यमय भाषण जिवंत माणसासारखे बोलले जावे अशी जी आपली अपेक्षा असते, तिची सुरुवात या थट्टेच्या विषयातच आहे.

लंडनला तो आला १८१६ साली. १८१९ मध्ये तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेने आणि पुढच्याच वर्षी शेरिडन नोल्स याच्या ‘व्हर्जिनिअस’ने त्याचे आसन स्थिर झाले. पण ज्या रंगभूमीवर ते स्थिर झाले ती कशी होती, हे सांगितल्यावाचून त्याच्या पुढील कामगिरीची किंमत कळावयाची नाही. कायद्याने लंडनमध्ये गद्य नाटक करण्याचा अधिकार मुख्यतः दोनच नाट्यगृहांना होता, कॉव्हेंट गार्डन आणि ड्रूरी लेन. मक्तेदारी असली की माल कसा होतो, हे सांगावयास नको. दोन्ही इमारती अवाढव्य. मागच्या बाकावरील प्रेक्षकाला नटाचा चेहरा दिसत नसे. एकाच रात्री शोकपर्यवसायी नाटक, त्यावर संगीतिका, त्यावर एखादा फार्स. तालीम म्हणजे आपापल्या नकला पुटपुटत इकडून तिकडे फिरणे. मुख्य नटाने सगळा जोर खेळाच्या वेळेसाठी राखून ठेवावयाचा, आणि इतरांनी त्याच्या वाटेत येऊ नये म्हणजे झाले. मॅक्रेडी तालमीतही पूर्ण जीव ओतून काम करी आणि इतरांनीही तसे करावे असा हट्ट धरी. साहजिकच सहकारी नटांना तो असह्य होई.

ड्रूरी लेनचा चालक आल्फ्रेड बन हा या व्यवस्थेचा मूर्तिमंत पुतळा. १८३६ च्या एप्रिलात त्याने मॅक्रेडीला ‘रिचर्ड’चे फक्त पहिले तीन अंक, दुसऱ्या एका खेळाला जोड म्हणून, करावयास लावले. करार बघता त्याला नाही म्हणता येईना. २९ तारखेला त्या तोडलेल्या रिचर्डचे काम आटोपून, त्याच वेषात, मॅक्रेडी बनच्या खोलीवरून जात होता. दार उघडले, आत शिरला, आणि त्याने बनला ठोसा लगावला. दोघे जमिनीवर लोळले. बनने त्याच्या बोटाला चावा घेतला. पुढे कोर्टाने मॅक्रेडीला दीडशे पौंड भरपाई द्यावयास लाविली. लोकांची सहानुभूती त्याच्याकडे होती. थोड्याच दिवसांत तो कॉव्हेंट गार्डनला मॅक्बेथच्या वेषात उभा राहिला तेव्हा टाळ्या थांबेनात. परंतु रोजनिशीत पाहावे तो याची जी तगमग दिसते ती खटल्याच्या भयाची नाही. आपण सभ्य गृहस्थासारखे वागलो नाही, लोक म्हणतात तसेच नट निघालो, या विचाराने तो रात्र रात्र जळत होता.

आता त्या विदूषकाकडे वळू. १८३७ च्या सप्टेंबरात मॅक्रेडीने कॉव्हेंट गार्डन स्वतःच्या जबाबदारीवर चालवावयास घेतले. हेतू पैशाचा नव्हता. तो हिशेबी गृहस्थ होता आणि यात तोटा आहे हे त्याला पुरते दिसत होते. आपला धंदा जर आपणांस लाजिरवाणा वाटतो, तर तो तसा राहू नये यासाठी काही तरी केले पाहिजे, असा त्याचा रोख दिसतो. तालमींना शिस्त आली. जमावातील पात्रांना केवळ उभे न राहता प्रसंगात भाग घ्यावयास शिकविले. क्लार्कसन स्टॅनफील्डसारख्या नामांकित चित्रकाराने त्याच्यासाठी देखावे रंगविले. आणि लिअरची तालीम सुरू झाली.

टेटच्या शब्दांना फाटा देऊन शेक्सपीअरचे शब्द तो त्यापूर्वी, १८३४ मध्ये, बोलला होता. कीननेही १८२३ साली शोकान्त शेवट परत आणण्याचे धाडस केले होते; त्याचे तीनच प्रयोग झाले. पण विदूषकाला हात लावण्यास दोघेही धजले नव्हते. १८३८ च्या जानेवारीतही मॅक्रेडीचे मन कचरत होते. वाचताना जो विदूषक हृदय हलवितो, तोच एखाद्या प्रौढ, दाढीवाल्या विनोदी नटाच्या रूपाने वादळात उड्या मारू लागला तर प्रेक्षक कंटाळतील किंवा हसतील, आणि राजाचे दुःख वाहून जाईल, ही त्याची भीती. विदूषक गाळावाच, असे जवळजवळ ठरले होते. आपल्याला हवा तो विदूषक कसा, हे तो जॉर्ज बार्टली या सहकाऱ्यास समजावून देऊ लागला : नाजूक, क्षीण, सुंदर चेहऱ्याचा, अर्धवट बुद्धीचा पोर. बार्टली म्हणाला, मग हे काम बाईने करावे. मॅक्रेडीने ती सूचना तत्काळ उचलली. प्रिसिला हॉर्टन ही तरुण गायिका-नटी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. एवढ्याशा संभाषणाने दीड शतकाचा वनवास संपला. हा प्रयोग निर्दोष होता असे नाही. ग्लॉस्टरचे डोळे काढण्याचा प्रवेश गाळलेला होता, आणि इतरही काटछाट पुष्कळ होती. तथापि वादळात म्हाताऱ्याचा हात धरून चालणारे ते पोर लंडनने पाहिले, आणि त्यानंतर टेटचा लिअर पुन्हा डोके वर काढू शकला नाही.

पुढच्या वर्षीची एक गोष्ट मला या प्रयोगाइतकीच महत्त्वाची वाटते. १८३९ च्या आरंभी ड्रूरी लेनमध्ये बनने व्हॅन अँबर्ग या अमेरिकन पशुशिक्षकाचे सिंह आणले होते, आणि तरुण राणी व्हिक्टोरिया ते पाहावयास पुनःपुन्हा जात होती. फेब्रुवारीत ती लिअर पाहावयास आली. वादळात लिअर उघड्यावाघड्या गोरगरिबांना उद्देशून जे बोलतो, आणि मी राज्यावर असताना यांची पर्वा केली नाही अशी कबुली देतो, ते भाषण वाचकांच्या परिचयाचे आहे. ते शब्द म्हणताना मॅक्रेडी राणीच्या सज्जाकडे वळला आणि त्याने ते तिलाच ऐकविले. हे त्याने स्वतःच रोजनिशीत नमूद केले आहे. त्या वेळी १८३४ च्या कायद्याने गरिबांना अनाथगृहांत कोंडणे चालू होते, आणि चार्टिस्ट मजुरांच्या सभा देशभर भरत होत्या. जो मनुष्य नटाचा पेशा हलका समजे, त्याने त्या रात्री जे केले ते करण्यास बॅरिस्टरला किंवा धर्मोपदेशकाला जागा कोठे मिळाली असती ? त्याच्या हे लक्षात आले असेल काय, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. रोजनिशीवरून तरी तसे दिसत नाही.

कॉव्हेंट गार्डनचे दोन हंगाम आणि १८४१ ते ४३ मधील ड्रूरी लेनचे दोन, एवढीच त्याची चालक म्हणून कारकीर्द. ‘टेंपेस्ट’मधून त्याने ड्रायडन आणि डॅव्हेनंट यांची भर काढून टाकली. बुल्वर लिटनकडून ‘रिशल्यू’ आणि तरुण ब्राउनिंगकडून ‘स्ट्रॅफर्ड’ लिहवून घेतले. प्रेक्षागृहात राजरोस चालणारा वेश्यांचा वावर बंद करण्याचा त्याने यत्न केला, त्याबद्दल काही वृत्तपत्रांनी त्यालाच टोचले. त्याचे दोषही येथे सांगितले पाहिजेत. त्याच्या मंडळीत सॅम्युअल फेल्प्स हा तोलामोलाचा नट होता, आणि त्याला मॅक्रेडीने पुढे येऊ दिले नाही, हा आरोप खोटा म्हणता येत नाही. १८४३ मध्ये दोन नाट्यगृहांची मक्तेदारी कायद्याने रद्द झाली. ज्या वर्षी सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेच हे वर्ष. त्या कायद्याचा फायदा मॅक्रेडीने नव्हे, तर याच फेल्प्सने घेतला. शहराच्या एका टोकाला, सॅडलर्स वेल्स या लहानशा नाट्यगृहात, सामान्य कारागिरांच्या प्रेक्षकवर्गापुढे, त्याने १८४४ पासून अठरा वर्षांत शेक्सपीअरची तीसहून अधिक नाटके करून दाखविली. मॅक्रेडीने आखलेल्या रस्त्यावर चालून फेल्प्स पुष्कळ पुढे गेला.

अमेरिकेतील प्रकरणाने त्याच्या नावाला जी भयंकर प्रसिद्धी दिली ती त्याने मागितलेली नव्हती. एडविन फॉरेस्ट हा अमेरिकन नट मोठ्या देहाचा, मोठ्या आवाजाचा, आणि तेथील श्रमजीवी वर्गाचा लाडका. लंडनमध्ये आपली जी टर उडविली गेली तिच्या मागे मॅक्रेडीच आहे असे त्याने मनात घेतले, आणि १८४६ साली एडिंबरो येथे मॅक्रेडीचा हॅम्लेट रुमाल फडकवीत असता सज्जातून शिटी मारली. पुढे ती आपणच मारली असे त्याने वर्तमानपत्रात कबूलही केले. १८४९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला दोघेही मॅक्बेथ करीत होते. ७ मे रोजी अ‍ॅस्टर प्लेसच्या श्रीमंती नाट्यगृहात मॅक्रेडीवर अंडी आणि खुर्च्या फेकण्यात आल्या. तो परत निघाला होता. पण वॉशिंग्टन आयर्विंग, हर्मन मेल्व्हिल आदी मान्यवरांनी सहीचे पत्र पाठवून त्याला थांबविले. १० तारखेस बाहेर हजारोंचा जमाव जमला, खिडक्यांतून दगड येऊ लागले, तरी हट्टी मॅक्रेडीने नाटक शेवटपर्यंत नेले. रस्त्यावर फौजेने गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे ठार झाली, त्यांत नुसते बघे पुष्कळ. मॅक्रेडी वेष बदलून, प्रेक्षकांच्या गर्दीत मिसळून निसटला. जमावाच्या दृष्टीने तो उमरावशाहीचा प्रतिनिधी होता. वस्तुतः हा मनुष्य राजेरजवाड्यांचा तिटकारा करणारा, प्रजासत्ताकाचा अभिमानी. निवृत्तीनंतर अमेरिकेतच घर करावे असे त्याच्या मनात घोळत होते. ते तेथेच संपले.

२६ फेब्रुवारी १८५१ रोजी ड्रूरी लेनमध्ये मॅक्बेथचे काम करून त्याने रंगभूमीचा निरोप घेतला. त्यानंतरच्या मेजवानीस डिकन्स, थॅकरे, बुल्वर लिटन ही मंडळी होती. टेनिसनने त्याच्यावर सुनीत केले होते. डिकन्सने तर ‘निकोलस निकल्बी’ पूर्वीच त्याला अर्पण केली होती. समाजाने त्याला पंक्तीला घेतले होते, आणि सन्मानाच्या पाटावर बसविले होते. तो मात्र डॉर्सेट परगण्यातील शेर्बोर्न या लहान गावी निघून गेला. दुसऱ्याच वर्षी कॅथरिन वारली; मुलेही एकामागून एक गेली. तेथे त्याने गरीब मुलांसाठी रात्रीची शाळा काढली आणि स्वतः शिकवू लागला. रग्बीत अर्धवट सुटलेले जीवन त्याने साठीच्या सुमारास असे पुरे केले, असे मी मास्तर असल्यामुळे मला वाटते. १८६० मध्ये त्याने दुसरे लग्न केले व चेल्टनहॅमला बिऱ्हाड हलविले.

त्याच्या रोजनिशीतील वेचे मित्र फ्रेडरिक पोलॉक याने १८७५ साली, आणि अधिक विस्ताराने टॉइन्बी याने १९१२ साली छापले. मूळ वह्या त्याच्या दुसऱ्या पत्नीच्या पोटचा मुलगा नेव्हिल, जो ब्रिटिश फौजेत जनरलपदाला चढला, त्याने १९१४ साली जाळून टाकल्या. बापाचा राग, मत्सर, आत्मधिक्कार जगाने आणखी वाचू नये, असे त्या सेनापतीला वाटले असावे. बापालाही ते आवडले असते. आपले मात्र नुकसान झाले.

चेल्टनहॅमला अखेरच्या वर्षांत मॅक्रेडीची बोटे निकामी झाली होती. त्याला पुस्तक हाती धरवत नसे, आवाजही गेला होता. पोलॉकच्या पत्नीने त्या काळातील एक भेट लिहून ठेविली आहे. आपण ‘हॅम्लेट’ वाचीत होतो, असे तो तिला म्हणाला. तिला आश्चर्य वाटले, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. सगळे येथे आहे, शब्दनशब्द, असे त्याने सांगितले. एवढेच नव्हे, तर विरामसुद्धा. २७ एप्रिल १८७३ रोजी तो वारला, आणि लंडनच्या केन्सल ग्रीन येथे त्याला पुरण्यात आले.